एक विवाह, दोन नोंदी

स्कॉटलंडमधील पूर्वजांचा शोध घेताना एकाच जोडप्याच्या विवाहाच्या दोन नोंदी सूचीत आढळतात. विवाह दोनदा झाला, की ही जोडपीच निराळी? बहुधा दोन्ही तर्क चुकीचे ठरतात. १८५५ मध्ये सरकारी नोंदणी सुरू होण्यापूर्वी चर्चमध्ये नियोजित विवाहाची जाहीर घोषणा होत असे. वर आणि वधू वेगवेगळ्या पॅरिशमधील असल्यास ती दोन्हीकडे होई व दोन्ही दप्तरांत लिहिली जाई. त्यामुळे तारखांत काही दिवसांचा फरक पडतो. अनेकदा ती तारीख विवाहाची नसून घोषणेची असते. म्हणून केवळ सूचीवर न विसंबता दोन्ही मूळ नोंदी वाचाव्यात. एकीत नसलेले वधूपित्याचे नाव दुसरीत सापडू शकते. 'दुबार' म्हणून वगळलेल्या नोंदीबरोबर वंशावळीतील एक पिढीच हातची जाण्याचा धोका असतो.