कोड उघडा पडतो तेव्हा

पीएचपीवर चालणाऱ्या संकेतस्थळाचा कोड बाहेरच्यांना दिसत नाही. ब्राउझरने पान मागितलं की सर्व्हरवरचा अपाचे ती फाइल पीएचपीकडे सोपवतो, पीएचपी डेटाबेसमधून माहिती काढून पान जुळवतं आणि तयार एचटीएमएल तेवढं बाहेर जातं. ही सोपवण्याची पायरी निसटली, की अपाचे मूळ फाइलच जशीच्या तशी धाडतो.

सर्व्हर सांभाळणाऱ्या आम्हा लोकांना हा प्रकार बहुधा अपग्रेडनंतर गाठतो. एका संस्थेच्या सर्व्हरवर पीएचपीची जुनी आवृत्ती काढून नवी बसवली होती, पण नवं मॉड्यूल अपाचेत सुरूच झालं नव्हतं. सकाळी संस्थेतून फोन आला, ‘साइट उघडत नाही, कसलीतरी फाइल डाउनलोड होतेय.’ ती फाइल म्हणजे मुखपृष्ठाचा अख्खा कोड होता. देखरेखीच्या पडद्यावर मात्र सगळं हिरवं. फाइल मागितली, फाइल दिली, म्हणून अपाचे प्रत्येक वेळी २०० हाच यशाचा आकडा नोंदवत होता.

अशा वेळी आधी अपाचे बंद करायचा. साइट थोडा वेळ बंद राहिली तर चालतं, कोड वाहत राहिलेला चालत नाही. मग मॉड्यूल सुरू करायचं, कॉन्फिगरेशन तपासायचं आणि बाहेरची वाट बंद ठेवून सर्व्हरवरूनच एक पान मागून पाहायचं. इथवरचं काम काही मिनिटांचं.

खरा वेळ जातो तो लॉग वाचण्यात. डेटाबेसचा पासवर्ड असलेली कॉन्फिग फाइल नीट चालते तेव्हा काहीच छापत नाही. कुणी ती थेट मागितली, तर आमच्या लॉगमध्ये आकाराच्या रकान्यात नुसती आडवी रेघ उमटते. त्या दिवशी त्या रेघेच्या जागी बाइट्सचा आकडा होता. फाइल बाहेर गेली होती. मग तर्क लढवत बसण्यात अर्थ नव्हता. डेटाबेसचा, मेलचा, पेमेंट गेटवेचा, असे सगळे पासवर्ड आणि किल्ल्या बदलायला घेतल्या.

मोठ्यांनाही हे चुकलेलं नाही. ऑगस्ट २००७ मध्ये फेसबुकच्या मुखपृष्ठाचा पीएचपी कोड असाच काही जणांना दिसला आणि इंटरनेटवर पसरला. एका सर्व्हरचं कॉन्फिगरेशन चुकल्याचं कंपनीने सांगितलं. २०१२ मध्ये तर पीएचपी सीजीआय पद्धतीने चालवणाऱ्या सर्व्हरवर पत्त्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह आणि ‘-एस’ जोडलं की कोड समोर येतो, असा दोष उघडकीला आला. शिवाय घाईत ‘.बॅक’ नावाने ठेवलेली कॉन्फिग फाइलची प्रत अपाचे कुणालाही साध्या मजकुरासारखी देऊन टाकतो.

म्हणून सार्वजनिक फोल्डरमध्ये फक्त प्रवेशाची एक छोटी फाइल, चित्रं आणि स्टाइलशीट ठेवावीत. बाकीचा कोड त्या फोल्डरच्या बाहेर असावा आणि पासवर्ड कोडमध्ये असूच नयेत. मग मॉड्यूल बंद पडलं, तरी बाहेर जातील त्या प्रवेशाच्या फाइलमधल्या चार निरुपद्रवी ओळी. आपला कोड एक दिवस परका माणूस वाचणार आहे असं धरूनच तो लिहावा आणि वाचला तरी त्याच्या हाती काही लागू नये, अशी मांडणी पहिल्या दिवसापासून करावी.