दाढ ठणकायच्या आधीच दवाखाना

बचत गटाच्या बैठकीत हिशेब संपला की पोरांच्या दातांचा विषय हमखास निघतो. दाढ किडलीय, पण डॉक्टरांचं नाव काढलं की पोर दाराआड लपतं.

ही भीती पोटातून येत नाही, बऱ्याचदा आपणच घालतो. "जेवला नाहीस तर डॉक्टर सुई टोचतील," असं आपण दिवसातून दोनदा म्हणतो. त्यात मुलाला पहिल्यांदा दातांच्या डॉक्टरांकडे नेतो कधी? लवंग लावून झाली, रात्र रडून काढली, गाल सुजला, तेव्हा. अशा वेळी नुसता हात लावला तरी कळ जाते. मग त्या खुर्चीची आणि कळेची मुलाच्या मनात गाठ बसते, ती लवकर सुटत नाही.

म्हणून काही दुखत नसताना न्यायचं. पहिली भेट वर्षाच्या आत व्हावी, असं दातांचे डॉक्टर सांगतात. एवढ्या लहानग्याला खुर्चीत बसवतही नाहीत. आई आणि डॉक्टर गुडघ्याला गुडघा लावून समोरासमोर बसतात, मूल आईकडे तोंड करून मांडीवर बसतं आणि मागे रेलून डोकं डॉक्टरांच्या मांडीवर ठेवतं. आईचा चेहरा समोरच असतो. "दुधाचे दात, पडणारच की," असं सासूबाई म्हणतील. पण दुधाच्या मागच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत तोंडात राहतात. इतकी वर्षं किडक्या दाढेनं भाकरी कशी चावायची?

थोड्या मोठ्या मुलाशी आदल्या दिवशी घरीच खेळ खेळा. चमचा घ्या, आ करायला लावा आणि दात मोजा. दुधाचे सगळे आले असतील तर वीस भरतील. मग त्याला तुमचे मोजू द्या. (आमच्यातल्या काहींचे मिशरीने काळे झालेले दात पोरांनी मोजले, तेव्हा बैठकीत हशा पिकला.)

"अजिबात दुखणार नाही," अशी थाप मारू नका. मुलाला त्यातलं "दुखणार" तेवढंच ऐकू येतं, आणि थोडं जरी दुखलं तरी पुढच्या वेळी आपला शब्द चालत नाही. "डॉक्टर दात बघतील, मी जवळच आहे," एवढं पुरे. सकाळची वेळ घ्या, दुपारी पोर पेंगुळलेलं असतं. डॉक्टरांना सांगा, प्रत्येक वस्तू आधी दाखवा, मग वापरा. मुलानं हात वर केला की थांबायचं, हेही आधीच ठरवून घ्या. थांबवता येतं हे कळलं की पोर निम्मं निवांत होतं.

दाढ बधिर केली असेल तर घरी आल्यावर दोन-तीन तास लक्ष ठेवा. ओठ जड लागतो म्हणून मुलं तो चावत बसतात आणि जखम होते.

खर्चाची काळजी असेल तर अंगणवाडी ताईंना विचारा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा येतं, दातही बघतं आणि गरज असेल तर मोफत उपचारासाठी पुढे पाठवतं. पथकाची तारीख कळली की गटातल्या सगळ्यांना कळवा.