पेशीचा क्लच

चिखली-चाकणच्या मुलांना क्लच नवा नाही. तो दाबून धरला, तर इंजिन कितीही घुमो, गाडी हलत नाही. जखम भरायला सरकणाऱ्या त्वचापेशीचेही तसेच. तिच्या सांगाड्यातील अ‍ॅक्टिनचे तंतू कडेशी वाढतात आणि आत ओढले जातात. बाहेर पकड नसेल तर सारे श्रम फुकट. पेशीपटलातून आरपार गेलेले इंटेग्रिन बाहेरचा आधार धरते, टॅलिन त्याला तंतूंशी जोडते. १९८८ मध्ये मिचिसन व किर्शनर यांनी या जोडणीला क्लचचीच उपमा दिली.

दोरी ओढली की गाठ सुटेल, असे वाटते ना? इथे उलटे! सुमारे ५ पिकोन्यूटन ओढीने (पिकोन्यूटन म्हणजे न्यूटनचा लाख-कोटीवा भाग) टॅलिनची एक घडी उलगडते. आत दडलेल्या जागी व्हिन्क्युलिन चिकटते आणि आणखी तंतू बांधते. मागच्या टोकाची पकड मात्र सुटावीच लागते, नाहीतर पेशी तिथेच अडकून पडेल.