ग्रीन कार्ड खिशात, घर कुठे?

ठाण्यात तलावपाळीवर किंवा डोंबिवलीत एखाद्या बागेत ज्येष्ठ मंडळींच्या गप्पांत एक वाक्य हमखास कानावर येते : "सहा महिन्यांत एक चक्कर मारून यायची, की ग्रीन कार्ड शाबूत!" मुलगा अमेरिकेचा नागरिक झाला, त्याने आईवडिलांसाठी अर्ज केला, कार्ड हाती आले. सुनेचे बाळंतपण झाले, नातू शाळेत जाऊ लागला आणि आजी-आजोबा पुन्हा आपल्या डोंबिवलीच्या दोन खोल्यांत रमले. अधूनमधून तिकडे चार आठवडे राहून यायचे, की काम झाले. वाक्य मोठे सोयीचे आहे. पण अमेरिकेच्या कायद्यात ते कुठेही लिहिलेले नाही.

कायद्याचा प्रश्न वेगळाच आहे. कायम रहिवाशाला परत येण्याचा हक्क आहे, पण तो तात्पुरत्या प्रवासावरून परतणाऱ्याला. आता 'तात्पुरता' म्हणजे किती दिवसांचा? त्याला ठरावीक आकडा नाही. तिथल्या इमिग्रेशन अपील मंडळाने १९८८ मध्ये 'हुआंग' प्रकरणात कसोटी सांगितली : बाहेर जाण्याचे कारण काय होते, परतण्याची वेळ ठरलेली होती का, आणि खरे घर, कामधंदा कुठे आहे. म्हणजे दोन्ही डोळ्यांच्या मोतीबिंदूसाठी ठाण्याला आलेले गृहस्थ आठ महिने राहिले, तरी त्यांची बाजू भक्कम असू शकते. उलट, जे कायमचे इथेच राहतात आणि पाच-पाच महिन्यांनी तिकडे हजेरी लावून येतात, ते सहा महिन्यांच्या आत परतले तरी त्यांना अडवता येते.

मग हे सहा महिने आले कुठून? दोन आकडे खरेच महत्त्वाचे आहेत. सलग १८० दिवसांपेक्षा जास्त बाहेर राहिलात, तर परतताना तुमच्याकडे नव्याने प्रवेश मागणारा माणूस म्हणून पाहिले जाते आणि चौकशी वाढते. नागरिकत्वासाठी लागणारा सलग वास्तव्याचा हिशेबही सहा महिन्यांपुढे अडचणीत येतो. दुसरा आकडा एक वर्षाचा. वर्षाहून अधिक काळ बाहेर राहिल्यास, कार्डावर पुढची आठ वर्षे शिल्लक दिसत असली, तरी नुसत्या कार्डावर परत प्रवेश मिळत नाही. कार्डावरची तारीख ही कार्डाची मुदत आहे, आपल्या गैरहजेरीची परवानगी नव्हे.

लांब मुक्काम आधीच ठाऊक असेल, तर 'रि-एंट्री परमिट' काढावे. सोसायटीचा पुनर्विकास निघाला आहे, करारावर सह्या, भाड्याच्या घरात जाणे, सामान हलवणे. ठाणे-कल्याण पट्ट्यात हे घरोघर चालले आहे. अशा वेळी हे परमिट कामी येते. ते जास्तीत जास्त दोन वर्षांचे असते. मात्र 'आय-१३१' हा अर्ज अमेरिकेत असतानाच करावा लागतो, आणि बोटांचे ठसेही तिथेच द्यावे लागतात. इथे आल्यावर आठवले तर उपयोग नाही. तयार झालेले परमिट मात्र इथल्या वकिलातीतून घेता येते. अर्थात परमिट म्हणजे प्रवेशाची हमी नव्हे. वर्ष उलटले तरी लांब राहण्याचा हेतू तात्पुरता होता, याचा तो एक चांगला पुरावा.

परमिट नाही आणि वर्षही उलटले, तर 'एसबी-१' नावाचा परतणाऱ्या रहिवाशाचा व्हिसा मागावा लागतो. आपल्या हाताबाहेरच्या कारणाने राहावे लागले, हे तिथे सिद्ध करायचे. मार्च २०२० मध्ये भारताने नियमित आंतरराष्ट्रीय विमाने थांबवली, ती थेट २७ मार्च २०२२ ला पूर्ववत झाली. त्या काळात अनेकांचा मुक्काम लांबला. पण जुलै २०२० पासून अमेरिकेसाठी 'एअर बबल'ची विमाने होती. त्यामुळे 'विमानच नव्हते' एवढ्यावर भागत नाही. डॉक्टरांची पत्रे, रद्द झालेली तिकिटे, असे कागद हाताशी लागतात. तिकडचे करविवरणही बोलते. त्यात स्वतःला 'अनिवासी' म्हणवून घेतले असेल, तर ते वास्तव्य सोडल्याचे लक्षण मानले जाऊ शकते.

आता विमानतळावरचा प्रसंग. वीस तासांचा प्रवास झालेला, पाय सुजलेले, इंग्रजी बेताचे, आणि अधिकारी 'आय-४०७' हा कागद पुढे करतो : मी माझे कायम वास्तव्य स्वेच्छेने सोडत आहे. अनेकांना वाटते, सही केलीच पाहिजे. तसे नाही. सही नाकारता येते. मग सरकारला प्रकरण इमिग्रेशन न्यायाधीशापुढे न्यावे लागते, आणि वास्तव्य सोडल्याचे स्पष्ट पुराव्याने दाखवण्याचा भार सर्वसाधारणपणे सरकारवर असतो. सुनावणीपर्यंत ताब्यात ठेवले जाण्याची शक्यता असते, हे मात्र लपवून चालणार नाही. म्हणून मुलाने वकिलाचा दूरध्वनी क्रमांक आईच्या पर्समध्ये आधीच ठेवावा.

हा सुनावणीचा हक्क सहजी मिळालेला नाही. आपल्या कल्याणच्या आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये अमेरिकेला गेल्या, त्याच्या आदल्याच वर्षी चिनी मजुरांना तिथे बंदी झाली होती. आधीपासून राहणाऱ्यांना परतीचे दाखले मिळत. ऑक्टोबर १८८८ मध्ये एका कायद्याने ते दाखलेही रद्द केले. बारा वर्षे कॅलिफोर्नियात काढलेला चे चान पिंग हा मजूर दाखला घेऊन आठवड्याभरात सॅन फ्रान्सिस्कोच्या बंदरात पोचला, आणि त्याला उतरू दिले नाही. पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयानेही सरकारचीच बाजू घेतली. क्वाँग हाय च्यू या कायम रहिवासी असलेल्या खलाशाला सुनावणीविना अडवता येणार नाही, असे त्याच न्यायालयाने म्हणायला १९५३ साल उजाडले.

इतर देशांचे गणित सोपे आहे, निदान मोजता तरी येते. कॅनडाला पाच वर्षांत ७३० दिवस हजेरी लागते. ब्रिटनमधले कायम वास्तव्य सलग दोन वर्षे बाहेर राहिल्यास सर्वसाधारणपणे संपते. ऑस्ट्रेलियात ये-जा करण्याची मुभा सहसा पाच वर्षांची. नंतर बाहेर जाऊन परतायचे, तर वेगळा परतीचा व्हिसा लागतो.

माझे स्पष्ट मत असे की ज्यांचे डॉक्टर, भजनी मंडळ, भाऊबंद सगळे इथेच आहेत, त्यांनी कार्डाचा हट्ट मुलांशी बसून एकदा तपासावा. कार्ड आपणहून परत करता येते, त्यात कमीपणा नाही. त्यानंतर पर्यटक व्हिसासाठी अर्ज करता येतो. तो मिळेलच असे नाही, पण आपण इथेच राहतो हे सांगताना खोटे बोलावे लागत नाही. आणि पुढे खरोखरच तिकडे राहायची वेळ आली, तर नागरिक झालेला मुलगा किंवा मुलगी आईवडिलांसाठी पुन्हा नव्याने अर्ज करू शकते.