रिकाम्या पिस्तुलाचा चाप ओढावा का? – ड्राय फायरिंग समजून घेऊया



२०१८ च्या आशियाई क्रीडा स्पर्धेत राही सरनोबत यांनी २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक मिळवलं. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये स्वप्नील कुसळे यांनी रायफलमध्ये कांस्यपदक आणलं. नेमबाजी हा खेळ आता आपल्या घरांतही बोलला जातो. मूल रेंजवर जायला लागलं, की काही दिवसांनी ते घरी येऊन सांगतं, "सरांनी ड्राय प्रॅक्टिस करायला सांगितलीय." मग पालकांचा प्रश्न येतो : गोळी न भरता चाप ओढत राहिलं, तर पिस्तूल बिघडत नाही का? आणि हे सुरक्षित आहे का?

हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिला यंत्राचा, दुसरा माणसाचा. त्यांची उत्तरंही वेगळी आहेत, म्हणून आपण ती वेगवेगळीच पाहू.

ड्राय फायरिंग कशासाठी?

ड्राय फायरिंग म्हणजे पिस्तुलात काडतूस किंवा छर्रा नसताना नेम धरून चाप ओढणे. खऱ्या फैरीत आवाज आणि धक्का यांत हाताची चूक झाकली जाते. रिकाम्या पिस्तुलात मात्र चाप सुटताना हात हलला, की डोळ्यांना लगेच दिसतं.

ही चूक केवढी महाग पडते ते पाहा. १० मीटर एअर पिस्तुलाच्या लक्ष्यावर दहा गुणांचं वर्तुळ फक्त ११.५ मिलिमीटर व्यासाचं असतं. पिस्तुलाच्या पुढच्या आणि मागच्या साइटमध्ये ३५ सेंटिमीटर अंतर धरू. पुढची साइट १ मिलिमीटर सरकली, तर समरूप त्रिकोणांच्या हिशेबाने लक्ष्यावर छर्रा सुमारे २९ मिलिमीटर बाजूला जातो! म्हणून अनुभवी खेळाडूसुद्धा ड्राय सराव सोडत नाहीत.

प्रश्न पहिला : पिस्तूल बिघडतं का?

चाप ओढला की ताणलेली स्प्रिंग सुटते आणि फायरिंग पिन पुढे झेपावते. काडतूस असेल, तर पिनची बरीचशी ऊर्जा त्याच्या मऊ धातूला खळगा पाडण्यात खर्च होते. काडतूस नसेल, तर ती ऊर्जा जाणार कुठे? पिस्तुलातच जे काही पिनला अडवतं, त्यावर तो मार बसतो. तेव्हा उत्तर पिस्तुलाच्या प्रकारावर अवलंबून आहे.

१. सेंटरफायर पिस्तुलं : यांच्या काडतुसाची ठिणगी पेटवणारी टोपी बुडाच्या मध्यभागी असते. आधुनिक सेंटरफायर पिस्तुलांना ड्राय फायरिंगने सहसा काही होत नाही. ग्लॉक पिस्तूल तर सफाईसाठी उघडायचं असेल, तर कंपनीच्या पद्धतीनुसारच आधी रिकाम्या पिस्तुलाचा चाप ओढावा लागतो. जुन्या बनावटीच्या शस्त्रांत मात्र पिन तुटण्याची भीती असते, तिथे हे टाळावं.

२. रिमफायर म्हणजे पॉइंट टू-टू (.२२) : २५ मीटर पिस्तूल प्रकारात हीच वापरतात. इथे पेटणारा मसाला काडतुसाच्या कडेत भरलेला असतो आणि पिन त्या कडेवर आपटते. काडतूस नसेल, तर पिनच्या समोर थेट चेंबरची पोलादी कड येते. पिन तिथवर पोचली, तर पिन बोथट होते, चेंबरच्या कडेला खाच पडते आणि पुढे काडतूस न पेटणं, अडकणं असे त्रास सुरू होतात. बऱ्याच आधुनिक बनावटींत पिनला आधीच थांबवण्याची सोय असते. रुगर मार्क मालिकेत त्यासाठी एक छोटी आडवी पिन आहे, पण सफाईनंतर ती बसवायची राहिली तर नुकसान ठरलेलंच. म्हणून .२२ बाबत माहितीपुस्तिका वाचल्याशिवाय 'चालतं' म्हणू नका.

३. एअर पिस्तूल : आपली बहुतेक मुलं इथूनच सुरुवात करतात. स्पर्धेच्या आधुनिक एअर पिस्तुलांत दाबाखालच्या हवेचा सिलिंडर असतो आणि हवा न सोडता फक्त चाप चालवण्याची खास सोय असते. ती वापरून हवा तितका सराव करता येतो. स्प्रिंग आणि दट्ट्यावर चालणारं साधं एअर पिस्तूल मात्र रिकामं उडवू नये. छर्ऱ्याचा अडसर नसल्याने हवा पटकन निसटते, दट्ट्याला हवेची उशी मिळत नाही आणि तो पुढच्या भिंतीवर जोरात आदळतो.

शंका असेल तिथे स्नॅप कॅप वापरतात. हे काडतुसाच्या आकाराचं, पण दारू नसलेलं नकली काडतूस असतं. ते पिनचा मार झेलतं. खऱ्यापेक्षा ठळक वेगळ्या रंगाचंच घ्यावं.

प्रश्न दुसरा : माणसं सुरक्षित राहतात का?

यंत्राचं उत्तर पुस्तिकेत मिळतं, याचं मात्र सवयीत. ड्राय फायरिंगमधला खरा धोका "रिकामंच आहे" या दोन शब्दांचा... नव्हे, त्या शब्दांवर न तपासता ठेवलेल्या विश्वासाचा आहे.

अर्धस्वयंचलित पिस्तुलाचं मॅगझिन काढलं, की पुष्कळांना ते रिकामं झालं असं वाटतं. पण एक काडतूस आधीच चेंबरमध्ये चढलेलं असू शकतं! म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी मॅगझिन काढायचं, मग स्लाइड मागे ओढायची, मग चेंबर डोळ्यांनी पाहायचं आणि बोटाने चाचपायचं. क्रम उलटा झाला, म्हणजे मॅगझिन आत ठेवून स्लाइड ओढली, तर एक काडतूस बाहेर पडतं आणि स्लाइड पुढे जाताना दुसरं आत चढतं. बघणाऱ्याला मात्र काडतूस बाहेर आलेलं दिसल्याने पिस्तूल रिकामं वाटतं.

दुसरी धोक्याची वेळ सराव संपल्यावरची. पिस्तूल पुन्हा भरलं जातं आणि हात सवयीने म्हणतो, "अजून एकदा." म्हणून सराव संपला की तसं मोठ्याने म्हणायचं आणि पिस्तूल लगेच कुलपात.

आंतरराष्ट्रीय स्पर्धेतही ड्राय फायरिंग कुठेही करता येत नाही. पंचांच्या परवानगीने, फायरिंग लाइनवर किंवा नेमून दिलेल्या जागेतच करायचं असा नियम आहे. एरवी पिस्तुलात भडक रंगाचा सेफ्टी फ्लॅग घालून ठेवावा लागतो. ऑलिम्पिकच्या खेळाडूवर जो नियम आहे, तो आपल्या दिवाणखान्यात सैल कसा करायचा?

घरी सराव असेल तर

- सराव प्रशिक्षकांच्या संमतीने आणि मोठं माणूस समोर असतानाच.
- काडतुसं किंवा छर्रे त्या खोलीत नकोतच.
- मुलाने तपासावं, मग मोठ्याने पुन्हा तपासावं. मध्ये फोन आला, बेल वाजली, तर तपासणी पहिल्यापासून.
- नेम भक्कम भिंतीकडे. पलीकडे माणसांचा वावर असलेली खिडकी, दार, पातळ पार्टिशन नको. आरसा, टीव्ही, माणूस, पाळीव प्राणी यांच्यावर नेम कधीच नाही.
- चाप ओढायची वेळ येईपर्यंत बोट चापाबाहेर.
- .२२ पिस्तुलाला शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार परवाना लागतो. ते परवानाधारकाच्या ताब्यातच हवं. मुलांचा त्याच्याशी सराव रेंजवरच ठेवावा.

वर्गात याचा उपयोग

शस्त्र वर्गात न आणताही हा विषय शिकवता येतो. नववीच्या 'कार्य आणि ऊर्जा' पाठात विचारा : स्प्रिंगमधली ऊर्जा काडतूस असताना कुठे जाते, नसताना कुठे? दहावीला समरूपता शिकवताना वरचं २९ मिलिमीटरचं गणित फळ्यावर सोडवून घ्या. खेळाची आवड असलेली मुलं हात वर करतीलच.

थोडक्यात, बहुतेक आधुनिक पिस्तुलांना ड्राय फायरिंग सोसतं. जुनी शस्त्रं, काही.२२ पिस्तुलं आणि स्प्रिंगची एअर पिस्तुलं यांचा अपवाद. पिन बोथट झाली तर नवी बसवता येते. दुसऱ्या प्रश्नात अशी दुरुस्ती नाही. म्हणून मूल म्हणालं, "बाबा, रिकामंच आहे," तर रागावू नका, विश्वासही ठेवू नका. शांतपणे म्हणा, "दाखव बरं." आणि ते तुमच्याकडेही तेच मागेल, अशी सवय घरात लावा.