अंधारांतील प्रकाशरेखा

दिवाळींत एखादें मूल पेटलेली फुलबाजी गरगर फिरवूं लागलें, कीं अंधारांत प्रकाशाचें अखंड वर्तुळ दिसतें. वास्तविक तेथें वर्तुळ नसतें; फिरणारा एकच प्रकाशबिंदु असतो. कोलीत फिरविल्यानें दिसणाऱ्या अशा चक्राला संस्कृतांत अलातचक्र म्हणतात, आणि गौडपादाचार्यांनीं आपल्या माण्डूक्यकारिकांत त्याचाच दृष्टांत घेतला आहे. डोळ्याला हें चक्र क्षणभरच दिसतें. कॅमेरा मात्र तें जपून ठेवूं शकतो.

याचें कारण सोपें आहे. कॅमेऱ्याची झडप उघडी असेपर्यंत भिंगांतून येणारा सारा प्रकाश आंतील फिल्मवर, किंवा डिजिटल कॅमेऱ्यांत संवेदकावर, सांठत जातो. काळोखांत दिवा जेथून जेथून जाईल तेथें तेथें रेघ उमटते. तो हळू नेला तर जाड व तेजस्वी, झपाट्यानें नेला तर बारीक व फिकी. दिवा धरणाऱ्यावर मात्र पुरेसा प्रकाश पडत नाहीं, शिवाय तो हालत असतो. म्हणून रेघ राहते आणि माणूस नाहींसा होतो.

हा प्रयोग घरींहि साधतो. कॅमेरा तिवईवर घट्ट बसवावा व भिंग आधींच नेमक्या अंतरावर जुळवावें. छिद्र ८ किंवा ११ या आंकड्यावर आणावें, दिवे मालवावे आणि झडप २० ते ३० सेकंद उघडी ठेवावी. गडद कपडे घातलेल्या माणसानें लहानशी विजेरी भिंगाकडे रोखून फिरवावी. रेघ तोडावयाची तेथें ती हातानें झांकावी. अक्षरें लिहावयाचीं तर उलटीं लिहावीं लागतात, कारण कॅमेरा समोरून पाहत असतो.

अमेरिकेंत फ्रँक व लिलियन गिलब्रेथ या दांपत्यानें १९१४ च्या सुमारास हीच युक्ति कारखान्यांत नेली. कामगाराच्या हाताला चिमुकला विजेचा दिवा बांधून तीं त्याच्या हालचालींचें छायाचित्र घेत. प्रवाह ठराविक गतीनें तोडल्यामुळें रेघेचे तुकडे पडत, व ते मोजून वेळ कळे. हाताची व्यर्थ येरझार अशी उघडी पडे. फ्रँक यांनीं तरुणपणीं स्वतः गवंडीकाम केलें होतें. श्रम व थकवा वांचावा हा त्यांचा एक हेतु होता. परंतु वांचलेल्या वेळांत कामगाराला विसांवा मिळाला, कीं त्याच्यावर आणखी काम पडलें, हें ती रेघ सांगत नाहीं.

१९४९ सालीं ग्यॉन मिली हा छायाचित्रकार फ्रान्समध्यें व्हालोरिस येथें पाब्लो पिकासोला भेटला. स्केट्सना दिवे लावून अंधारांत उड्या घेणाऱ्या खेळाडूंचीं छायाचित्रें त्यानें पिकासोला दाखविलीं. तीं पाहून पिकासोनेंहि विजेरी हातीं घेतली, आणि अर्धा माणूस व अर्धा घोडा असा ग्रीक पुराणांतील प्राणी हवेंत रेखाटला. झडप उघडी असतांनाच मिलीनें क्षणदीप चमकविला. म्हणून रेघेबरोबर ती काढणारा वांकलेला कलावंतहि चित्रांत आला.

घरच्या प्रयोगांतहि हें करतां येतें. झडप मिटण्यापूर्वीं फुलबाजी फिरविणाऱ्या मुलावर एकदां क्षणभर प्रकाश टाकावा; म्हणजे वर्तुळाबरोबर त्याचा चेहराहि चित्रांत राहतो.