हवेसाठी ठेवलेली फट

१८७९ साली न्यूयॉर्कमध्ये कायदा झाला, की नव्या बिऱ्हाडी इमारतींत झोपायच्या प्रत्येक खोलीची खिडकी मोकळ्या हवेत उघडली पाहिजे. त्याच सुमारास एका नियतकालिकाने अशा इमारतीच्या आराखड्याची स्पर्धा घेतली आणि जेम्स वेअर पहिला आला. जमिनीचा तुकडा २५ फूट रुंद, १०० फूट खोल. वेअरने इमारतीला मध्ये कंबर काढली, व्यायामाच्या डंबेलसारखी. तशाच दोन इमारती शेजारी उभ्या राहिल्या की कमरेपाशी एक फट उरे. ती हवा-उजेडासाठी. कायद्याची पूर्तता झाली आणि घरमालकाची जागाही फारशी गेली नाही. पण फटीत ऊन तळापर्यंत उतरेना, वरून कचरा मात्र पडू लागला. दुर्गंधीमुळे लोक खिडक्या बंद ठेवत. आग लागली तर हीच फट धुराड्याचं काम करी. असल्या इमारती १९०१च्या कायद्याने थांबल्या, तोवर शहर त्यांनी भरून गेलं होतं.

राहायला माणसं कमी नव्हतीच. १८८१ ते १९०० या वीस वर्षांत सुमारे ९० लाख लोक अमेरिकेत उतरले. आयरिश आणि जर्मन आधीपासून येतच होते. आता दक्षिण इटलीतले शेतकरी, रशियातले ज्यू, पोलिश अशांची रीघ लागली. १ जानेवारी १८९२ला एलिस बेटावरचं तपासणी ठाणं उघडलं. स्वातंत्र्यदेवतेचा पुतळा १८८६चा. त्याच्या चारच वर्षं आधी चिनी मजुरांना बंदी घालणारा कायदा झाला होता. पुतळ्याचं तोंड अटलांटिककडे आहे, हे एका अर्थी बरोबरच म्हणायचं.

न्यूयॉर्कच्या या बिऱ्हाडी वस्तीचा अंधार कॅमेऱ्यात पकडला जेकब रीसने. तो स्वतः १८७०मध्ये डेन्मार्कहून आलेला. पोलीस चौकीतल्या निराधारांच्या खोलीत त्याने रात्र काढली होती. पुढे वार्ताहर झाल्यावर भपकन पेटणाऱ्या भुकटीच्या उजेडात त्याने काळोख्या खोल्यांचे फोटो घेतले आणि १८९०मध्ये पुस्तक काढलं. पुस्तकाने खळबळ उडवली, मलबेरी बेंडची कुप्रसिद्ध वस्ती पाडून तिथे बाग झाली. तरी चिनी, ज्यू, इटालियन लोकांबद्दल त्याने लिहिलेलं आज वाचवत नाही. परका म्हणून आलेल्या माणसाने इतर परक्यांना असं एकेका साच्यात बसवावं!

आपल्या पंडिता रमाबाई १८८६मध्ये आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभासाठी फिलाडेल्फियाला गेल्या आणि अडीचेक वर्षं तो देश फिरल्या. त्यावरचं त्यांचं मराठी पुस्तक १८८९चं. तिथल्या बायकांच्या संघटनांनी त्या भारावल्या होत्या. त्याच साली सप्टेंबरात जेन अ‍ॅडम्स आणि एलन स्टार यांनी शिकागोच्या हॉलस्टेड रस्त्यावर, स्थलांतरितांच्या वस्तीत, हल हाऊस नावाचं सेवाघर सुरू केलं. शिकागोची वस्ती दहा वर्षांत ५ लाखांवरून ११ लाखांजवळ गेली होती. रीस भेट देऊन परतायचा. या बाया तिथेच राहिल्या. मला फरक वाटतो तो इथे. समाजसुधारक फ्लॉरेन्स केली १८९१ला हल हाऊसमध्ये राहायला आली. तिच्या खटपटीने १८९३मध्ये इलिनॉयमधल्या कारखान्यांत बायकांना आठ तासांची मर्यादा मिळाली; दोन वर्षांत न्यायालयाने ती रद्द केली.

हल हाऊसच्या वॉर्डाचा नगरसेवक होता जॉनी पॉवर्स. नाताळला टर्की वाटायचा, मयताचा खर्च द्यायचा, पोरांना नोकऱ्या लावायचा. त्याला पाडायचा हल हाऊसने दोनदा प्रयत्न केला, दोनदा तोच निवडून आला. लोक त्यालाच मत का देतात, यावर अ‍ॅडम्सने १८९८मध्ये लेख लिहिला. त्यात मतदारांवर राग नाही. अडीअडचणीला धावून येणारा तोच, हे तिला शेजारी राहून कळलं होतं.

अ‍ॅडम्सला मिळालेलं एक सरकारी पद म्हणजे १८९५मधली वॉर्डाच्या कचऱ्याची तपासनिशी. ती पहाटे उठून कचऱ्याच्या गाड्यांमागे जाई. एका अरुंद गल्लीत दीड फूट थर उपसल्यावर खाली फरसबंदी लागली. शोधल्यावर महापालिकेच्या दप्तरात तिची नोंदही मिळाली. गल्लीतले इटालियन बघायला जमले, पण फारसे चकित झाले नाहीत. अ‍ॅडम्सचा अंदाज असा, की जमिनीखालून शहरं निघालेली पाहायची त्यांना सवय असावी.